सावलीत टांगलेला तापमापक

आपल्या गच्चीवरून मागच्या बाजूला पाहिलं की एक लांब पत्र्याची शेड दिसते. तुम्ही दोघं सुट्टीत आजीकडे यायचात तेव्हा ती जागा मोकळी होती आणि धाकट्याचा पतंग तिथल्या बाभळीत अडकायचा. बाभूळ आता नाही. शेड मिरचीची आहे आणि तिच्या मालकाला मी नववीत भूगोल शिकवला आहे.

हे काम तुम्ही जवळून पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते. दिवाळीच्या पुढेमागे नंदुरबारच्या बाहेर उघड्या रानात लाल मिरची वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. रस्त्याने जाताना एकरच्या एकर लाल दिसतं. होळीच्या सुमारास पथाऱ्या उठतात आणि वाळलेली मिरची शेडमध्ये येते. तिथे बायका जमिनीवर रांगेने बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. मे संपेपर्यंत हे चालतं. तिखटाची धूळ लागू नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला आणि तोंडाला फडकं. उघडे फक्त डोळे. कितीही उकडलं तरी फडकं फार वेळ खाली ठेवता येत नाही. तोंडावर पाणी मारता येत नाही, कारण हात तिखटाचे. पाणी पोटभर पिताही येत नाही, कारण मोकळं व्हायला जायची जागा लांब आणि काम किलोवर. हे सगळं मला पहिल्यापासून माहीत होतं. ते आधीच लिहून ठेवते.

त्या बायकांची मुकादमीण तुम्हाला आठवेल. उन्हाळ्यात आपल्याकडे गहू निवडायला यायची ती. तोरणमाळच्या पायथ्याकडची. एकदा माहेराहून येताना तिने तुमच्यासाठी चारोळी आणली होती. मोठी, तू ती फोडायची सोडून तशीच दाताखाली धरलीस, तेव्हा ती हसून हसून सुपावर आडवी झाली होती. घरी ती भिलोरी बोलायची, आमच्याशी अहिराणी. तिला कोणाचीच भीड नव्हती. शेडच्या मालकाला ती तोंडावर म्हणायची, "शेट, तुम्ही एक दिन आठे बठा. सांजले तुम्हनाच देठ निंघी जाई." तोही हसायचा. ती नसली की शेड चालत नाही हे त्याला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आसपास, परदेशातून मोठीचा फोन आला. "आजी, एक काम आहे. तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही."

मोठी, तुझं ऑफिस नक्की काय करतं ते तू मला त्या दिवशी पहिल्यांदा समजेल असं सांगितलंस. तिकडच्या शिक्षकांचे, परिचारिकांचे, बस चालवणाऱ्यांचे म्हातारपणासाठी साठवलेले पैसे तुमच्याकडे असतात आणि ते तुम्ही निरनिराळ्या कंपन्यांत गुंतवता. आता त्या पैशाचे मालक विचारू लागले आहेत, की आमच्या पैशावर चाललेल्या कामात कोणाच्या जिवाला त्रास होत नाही ना? आणि पुढे ऊन-पाऊस असाच बदलत गेला तर हे काम टिकेल का?

"म्हणजे पैसे लावायच्या आधी पत्रिका बघता," मी म्हणाले.

"हो, उन्हाची पत्रिका. आणि मंगळ सगळ्यांनाच आहे, आजी. कडक की सौम्य, एवढंच बघायचं."

तुमच्या यादीत मसाल्याची एक मोठी कंपनी होती. तिची मिरची फिरत फिरत आपल्या मागच्या शेडमधून जाते, हे कागद चाळताना तुलाच सापडलं होतं. तू म्हणालीस, संशोधकांना उपग्रहावरून नंदुरबारची जमीन किती तापते ते कळतं, पण पत्र्याखाली बसलेल्या बाईला किती तापतं ते वरून दिसत नाही. म्हणून अशी कामं चालतात त्या ठिकाणी लहान यंत्रं पाठवायची आणि एक उन्हाळा नोंद घ्यायची. जिथे उष्णता हद्दीबाहेर निघेल तिथे तुम्ही कंपनीला सांगणार, की आधी इथलं छत बदला, दुपारची विश्रांती द्या, पाण्याची आणि संडासाची सोय करा, नाहीतर आम्ही आमचे पैसे काढून घेऊ. मला हे फार आवडलं. पैशालाही लाज असू शकते असं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

यंत्र कुरिअरने आलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, पांढरं, उष्णता आणि हवेतला ओलावा दोन्ही दाखवणारं. सोबत इंग्रजीत छापलेली दोन पानं. मी शेडच्या मालकाला बोलावलं. त्याच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे किराण्याचं दुकान टाकलं होतं. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा, पण अजूनही माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. त्याने पानं वाचली नाहीत. यंत्र उचललं, शेडमध्ये गेला आणि बायका बसतात त्या रांगेच्या मधल्या खांबाला, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीवर खिळा ठोकून टांगून मोकळा झाला.

मी पाहायला गेले. "अरे, नववीत काय शिकवलं होतं? हवेचं तापमान कुठे मोजतात?"

तो ओशाळला. "सावलीत, बाई."

"आणखी?"

"जमिनीपासून चार फूट. वारा खेळता पाहिजे. जवळ तापणारं काही नको." इतक्या वर्षांनी त्याला ते पाठ होतं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

"आणि इथे तर डोक्यावर तापलेला पत्रा आहे. हे पत्र्याचं तापमान होईल. हवेचं कसं होईल?"

"बराबर, बाई. मग कुठे लावू?"

वजनकाट्याच्या खोलीबाहेर कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत खांब रोवला आणि चार फुटांवर यंत्र लावून घेतलं. सुताराकडून झडपांची पांढरी पेटीही करून घेतली, वेधशाळेत असते तशी. तीस वर्षं मी फळ्यावर त्या पेटीची आकृती काढत आले होते. खरी पेटी पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आली होती.

मुकादमीण आतून हे सगळं बघत होती. फडकं खाली ओढून ती ओरडली, "बाई, तठे कोन बठस? तठे ते कुत्रं बठस! आम्ही आठे बठतस."

बायका हसल्या. मीही हसले, कारण कडुलिंबाखाली खरोखरच शेडचं कुत्रं पसरलेलं होतं.

"अगं, शास्त्र असतं ते. सावलीतलंच तापमान खरं धरतात."

"मंग आम्हले बी धरा ना सावलीमा," ती म्हणाली आणि फडकं वर ओढून कामाला लागली.

त्या छापील पानांवर स्पष्ट लिहिलं होतं, की यंत्र काम करणारी व्यक्ती बसते तिथे, तिच्या उंचीवर लावावं. मी ते वाचलं होतं. एकदा नाही, दोनदा. मला वाटलं, हल्लीच्या मुलांना निरीक्षणाची शिस्त कोणी शिकवलेली नाही. मी त्यांची चूक सुधारते आहे अशीच माझी समजूत होती. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या ऑफिसची चूक तुला दाखवून तुला ओशाळं करायचं नव्हतं. 'ठिकाण' या रकान्यात मी 'मिरची शेड, नंदुरबार' असं लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती कागदावर आणायला मला बरेच दिवस लागले. शेडमध्ये पाऊल टाकलं की मला ठसका लागायचा. डोळ्यांना धार लागायची, घरी येऊन अंघोळ करून साडी बदलावी लागायची. कडुलिंबापर्यंत जायचं तर नुसती छत्री पुरायची. मी त्या दिवशी शास्त्र पुढे केलं. ते शास्त्र माझ्या सोयीचं आहे, हेही मला आत कुठेतरी ठाऊक होतं.

होळीपासून मे संपेपर्यंत मी एक दिवस चुकवला नाही. सकाळी आठ, दुपारी एक आणि चार. उष्णता निळ्या शाईत, ओलावा हिरव्या. रोज संध्याकाळी पानाचा फोटो तुला. दुपारच्या नोंदीला मी गेले की आतून मुकादमिणीचा आवाज यायचा, "बाई, आज कितला?"

मी आकडा सांगायची.

"इतलाच?" मग शेजारणीकडे वळून, "बाईना आकडाले बी इस्त्री शे वं."

मला त्या थट्टेचा रागही आला नाही. माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुकच चाललं आहे असं मी धरून चालले होते.

पावसाळ्यात अहवाल झाला. "आजी, तुझी वही सगळ्यांत नीट," तू फोनवर म्हणालीस. "इथे सगळ्यांनी पाहिली." आपली शेड सौम्य गटात निघाली होती. ज्या जागा आधी दुरुस्त करायच्या त्यांच्या यादीत ती नव्हती. मालकाने पेढे पाठवले. छताचा खर्च कंपनी देणार होती, म्हणजे खरं तर त्याचा फायदाच बुडाला होता. पण परदेशातून तपासणी झाली आणि आपल्याकडे काही वावगं निघालं नाही, याचाच त्याला आनंद. त्याला बोल लावू नका.

भाद्रपदात मुकादमीण ओल्या शेंगा घेऊन आली. ओट्यावर बसून ती माती झटकत होती. झटकता झटकता तिने विचारलं, "मंग बाई, पत्रावर काही टाकतीन का आते?"

"यंदा नाही गं. आपल्याकडे तेवढं तापत नाही असं निघालं."

"कोनले इचारं त्यासनी?"

"यंत्राला."

"त्या सावलीमा बठेलले?"

ती मला टोचून बोलत नव्हती. खरंच विचारत होती. मी चहा ठेवायला उठले. ती शेंगा परातीत ओतून, चहा घेऊन निघून गेली.

मला तेव्हा समजलं. नंतर समजलं, असं मी आत्तापर्यंत स्वतःलाही सांगत आले, पण ते खरं नाही. त्या भाद्रपदातल्या दुपारी, परातीतल्या शेंगांकडे बघताना मला स्वच्छ समजलं की मी मोजायचं ते मोजलंच नव्हतं. मी हवा मोजली होती. बाईला काय होतं ते विचारलं होतं आणि मी कुत्र्याला काय होतं ते कळवलं होतं. त्याच रात्री मी तुला फोन करायला हवा होता. पण अहवाल छापून झाला होता. तुझं कौतुक झालं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा नोंदी घेतील तेव्हा जागा बदलू, असं मी ठरवलं. पुढच्या वर्षी तुम्ही नोंदी घेतल्या नाहीत, कारण सौम्य गटातल्या जागा तीन वर्षांनी बघायच्या असं ठरलं होतं.

मागचा उन्हाळा तुम्हाला फोनवरूनच माहीत आहे. वैशाखात दुपारी रस्त्यावर कावळासुद्धा दिसत नव्हता. मी पडदे ओढून कूलरसमोर पडले होते. मागून बायकांचा गलका ऐकू आला. आधी वाटलं भांडण झालं. मग मालकाची हाक आली, "बाई! बाई, गाडीत बसा, कोणीतरी बाई माणूस पाहिजे!"

गाडीच्या मागच्या सीटवर मी मुकादमिणीचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडावरचं फडकं अजून तसंच बांधलेलं होतं. गाठ सोडायला कोणाचे हातच स्वच्छ नव्हते. ती मी सोडली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा एक थेंब नव्हता. ती भिलोरीत काहीतरी बोलत होती. मला भिलोरी येत नाही. चाळीस वर्षं या गावात राहून येत नाही. ती कोणाला हाक मारत होती की पाणी मागत होती, ते मला कधीच कळणार नाही.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोलणं थांबलं होतं. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं गेलं. ते खरंही असेल. प्रत्येकाचं शेवटी तेच होतं.

मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. "बीपी था उसको, बाई. पहले से था." दोनतीनदा तेच म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तर यंत्र आत लावलं होतं."

तो मला दोष देत नव्हता. स्वतःला सावरायला त्याला काहीतरी हातात धरायला हवं होतं, ते त्याने धरलं. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. त्याने नववीतल्या उत्तरात एकही चूक केली नव्हती, हे मला आठवत होतं.

शेड दोन दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी बायका परत आल्या. मीही गेले. कडुलिंबाखाली तसंच राहिलेलं यंत्र काढून मधल्या खांबाच्या जुन्या खिळ्यावर लावलं आणि तिच्या जागेवर, तिच्याच पोत्यावर बसले. मलाही फडकं बांधलं त्यांनी. एक वाजता बसले. आकडा मी इथे लिहीत नाही, वहीत आहे, तो स्वतंत्र पाठवते. तास पुरा व्हायच्या आत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघींनी धरून बाहेर आणलं आणि कुठे बसवलं असेल? कडुलिंबाखाली. कुत्रं उठून बाजूला झालं.

मोठी, तू त्या आठवड्यात फोनवर विचारलंस, "आजी, ती गव्हाची बाई गेली म्हणे? काय झालं?" मी म्हणाले, बीपी होता. मालकाचेच शब्द मी उचलले.

दसऱ्यानंतर मी तिच्या मुलीकडे गेले. आता तीच मुकादमीण आहे. पथारी लागायला सुरुवात झाली होती आणि ती ओली मिरची पसरत होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. यंत्र कशासाठी आलं होतं, कुठे लावायचं होतं, मी कुठे लावलं आणि त्यामुळे काय व्हायचं राहिलं. परदेशातले गुंतवणूकदार, अहवाल, सौम्य गट, हे तिला सांगताना माझे शब्द मलाच परके वाटत होते. तिने हात थांबवले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मन्ही मायनी तुम्हले सांगेल व्हतं ना?"

"हो. पहिल्याच दिवशी."

"हासत सांगेल व्हई," ती म्हणाली. "ती तशीच व्हती. हासत सांगं ते कोन आयकी?"

तिने मला सोडवायचा प्रयत्न केला. माझा दोष तिने तिच्या आईच्या हसण्यावर घातला, कारण समोर म्हातारी शिक्षिका उभी होती आणि उन्हात उभी होती. मग मला म्हणाली, "जा बाई घर, ऊन लागी तुम्हले." मी तिथे रडले नाही. रडायचा हक्क तिचा होता आणि तिला काम होतं.

तरीही मी तुला कळवलं नव्हतं. भीती वाटत होती, तुझ्या नोकरीची आणि माझ्या अब्रूची. कोणती जास्त ते मला विचारू नकोस. पण मागच्या रविवारी तू आनंदाने म्हणालीस, की माझी वही नमुना म्हणून दुसऱ्या देशांतल्या शेडना, कारखान्यांना पाठवणार आहात. नोंद कशी ठेवावी हे दाखवायला. त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या, शिस्तीच्या बायका सगळीकडे असतील. त्या माझं अक्षर बघतील, दोन रंगांची शाई बघतील, पांढऱ्या पेटीचा फोटो बघतील आणि आपापलं यंत्र झाडाखाली टांगतील.

तेव्हा मोठी, ती वही थांबव. वरिष्ठांना सांग की नंदुरबारचा तो उन्हाळा चुकीचा आहे, तो अहवालातून काढा. 'आजी म्हातारी आहे, तिचं चुकलं' असं सांगू नकोस. सांग, की तिला छापील पानावर सांगितलं होतं आणि तोंडावरही सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही आणि समजल्यावरही ती गप्प राहिली. तुला विचारतील की तू फोटो रोज बघत होतीस, मग जागा का नाही तपासलीस. ते तुला सोसावं लागेल. माझ्यामुळे सोसावं लागेल. धाकट्या, तू त्या दिवशी तिच्याबरोबर राहा, फोनवर तरी.

तुमच्याकडे अशा गोष्टींना वेळ लागतो हे मला माहीत आहे. समित्या असतात, बैठका असतात, कंपनीला पत्र जातं, तिचं उत्तर येतं. पण काल मी बाजारातून येताना पथारीवर थांबले होते. मुलगी आईचाच शर्ट घालून मिरची उलथत होती. निम्मी वाळली आहे. होळीला ती शेडमध्ये येईल.